वाघमारे मॅडमचं दार

कळव्याला वाघमारे मॅडमच्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा बराच वेळ बेल शोधत उभा होतो. दार सताड उघडं होतं. आत पंखा फिरत होता, सोफ्यावर शेजारचं कुणाचं तरी नातवंड झोपलं होतं, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता आणि बेल मात्र कुठे दिसेना. शेवटी आतूनच आवाज आला, "अरे ये ना, दारात काय परीक्षा द्यायला उभा आहेस?" मी आलो होतो तोच मुळी परीक्षेत नापास होऊन, त्यामुळे माझं उरलंसुरलं अवसानही गळालं. बेल त्या घराला कधी बसवलीच नव्हती. पहाटे दुधाची पिशवी घ्यायला उघडलेलं दार झोपायच्या वेळी लागायचं. मधल्या काळात मजल्यावरचं कुणीही यावं, साखर न्यावी, मूल ठेवून जावं.

यातली गंमत कळायला मॅडम काय काम करायच्या ते सांगायला हवं. विमानाच्या पुढच्या टोकाला, वैमानिक बसतात त्या कॉकपिटला एक दार असतं. ते बंद कसं ठेवायचं, उघडावं लागलंच तर कधी आणि कुणासाठी, आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी कुठे उभं राहायचं, हे मॅडम आम्हा केबिन क्रूला शिकवायच्या. विमान पळवायचं तर पळवणाऱ्याला त्या दारातून आत शिरावं लागतं. त्याला तिथे शिरू द्यायचं नाही, एवढाच विषय. पण मॅडमनी त्या एका विषयावर जन्म काढला. वीसेक वर्षं स्वतः हवेत काढली आणि गुडघे कुरकुरायला लागले तशा जमिनीवर उतरून शिकवायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या विमानात त्या दारापर्यंत वाईट हेतूने कुणी आलं नाही. नव्या बॅचमधलं कुणी ना कुणी हमखास विचारायचं, मॅडम, तुम्ही हायजॅक पाहिलंय का? त्या "नाही" म्हणायच्या आणि चेहऱ्यावर असं समाधान, जसं काही पाहुणे जेवून तृप्त होऊन गेलेत.

मी परब, डोंबिवलीचा. वडील मूळचे मालवणकडचे, रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगा विमानात लागला याचा त्यांना अभिमान होता, पण नेमका कशाला लागला हे सांगताना जीभ अडखळायची. मग स्वतःच विनोद करून मोकळे व्हायचे, की आमचा मुलगा पंगतीत वाढतो, फक्त जरा उंचावर. आई मात्र बिल्डिंगमध्ये सगळ्यांना मी विमान चालवतो असंच सांगायची, आणि मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

आमचं प्रशिक्षण ठाण्यात, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये चालायचं. शेडच्या मधोमध विमानाच्या केबिनचा पुढचा तुकडा ठेवलेला होता. चार रांगा खुर्च्या, छोटी गॅली म्हणजे विमानातलं ओट्याएवढं स्वयंपाकघर, एक बाथरूम आणि ते दार. पहिल्या दिवशी मॅडम आल्या त्या कडक इस्त्रीच्या सुती साडीत, चष्मा गळ्यात साखळीला, हातात फुटाण्यांची पुडी. इंग्रजीत शिकवायच्या, फर्डं इंग्रजी, पण दाराला कधी 'डोअर' म्हणाल्या नाहीत. दार म्हणजे दार. महिन्याभरात आमच्यातली मणिपूरची मुलगी आणि लुधियानाचा मुलगाही 'दार' म्हणायला लागले. पुढे उडायला लागल्यावर कुठल्याही क्रूमध्ये कुणी 'दार' म्हणालं की आम्हाला कळायचं, हा मॅडमच्या हाताखालून गेलेला.

त्यांच्या सवयी सगळ्या त्या दारातून आलेल्या होत्या. हॉटेलात भिंतीला पाठ लागेल अशीच खुर्ची निवडायच्या. लग्नाला गेल्या की आधी हॉलची दारं मोजायच्या आणि मग नवरानवरीकडे बघायच्या. दोन्ही हात कधी अडकलेले नसायचे. बाजारातून आल्या तर सगळ्या पिशव्या डाव्या हातात. त्यांचे यजमान, वाघमारे काका, शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. ते म्हणायचे की हिच्याबरोबर मी भाजीला गेलो की मलाच पळवून नेतील की काय असं वाटतं. हे ते मॅडमच्या समोरच म्हणायचे आणि मॅडम फुटाणे खात ऐकून घ्यायच्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमची जी फजिती केली, ती माझ्या अजून लक्षात आहे. शेडमध्ये चहा द्यायला शहाडच्या शेवंता मावशी यायच्या. रोज अकराला. आम्हा सगळ्यांना नावानिशी ओळखणाऱ्या, कुणाला साखर कमी, कुणाला आलं जास्त, सगळं पाठ. त्या दिवशी दाराचा सराव सुरू होता. मी दाराच्या आत. नियम असा, की बाहेर कोण आहे याची ठरलेल्या पद्धतीने खात्री करायची, बाहेरच्या सहकाऱ्याशी बोलायचं, आणि मगच उघडायचं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "परब, चहा गार होतोय रे." मी दार उघडलं. बाहेर मावशी, एका हातात किटली आणि डोक्यावर कॅप्टनची टोपी. त्यांच्या मागे मॅडम. माझ्यानंतर अकरा जणांची पाळी झाली. अकराही जणांनी उघडलं. शेवटची दोघं तर आधीचा प्रकार डोळ्यांनी बघून आलेली होती, तरी त्यांनी उघडलं, कारण मावशींना उभं ठेवायचं कसं?

मॅडम रागावल्या नाहीत. मावशींच्या डोक्यावरची टोपी काढून त्यांनी टेबलावर ठेवली, आम्हाला आधी चहा प्यायला लावला आणि म्हणाल्या, "दार भक्कम आहे. त्याला कुणाची दया येत नाही. दया तुम्हाला येते. म्हणून मी दाराला नाही, तुम्हाला शिकवते." मावशी बिचाऱ्या आठवडाभर आमची माफी मागत होत्या.

मी पास झालो, उडायला लागलो. नोकरी कायम व्हायला महिना राहिला असताना माझ्या तपासणीला एका दिल्लीच्या विमानात मॅडम आल्या. पुढच्या गॅलीतल्या घडीच्या खुर्चीवर, मांडीवर वही घेऊन बसल्या. अर्ध्या वाटेत कॅप्टनना बाथरूमला जायचं झालं. अशा वेळी आमच्यातली एक जण कॉकपिटमध्ये जाते, म्हणजे आत दोघं राहतात. दुसरा जेवणाची ट्रॉली आडवी लावून वाट बंद करतो आणि दाराकडे पाठ, प्रवाशांकडे तोंड करून उभा राहतो. कॅप्टन परत आत जाऊन दार लागेपर्यंत ट्रॉलीच्या अलीकडे कुणी यायचं नाही. ट्रॉली लावून मी उभा होतो.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतले एक काका पाय मोकळे करायला उठून आले. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून म्हणाले, परब का? कुठले? मी डोंबिवली म्हणालो. ते तिथल्याच रामनगरचे निघाले. झालं. माझी शाळा, त्यांची सोसायटी, कुठल्या दुकानात कोथिंबीरवडी बरी मिळते इथपर्यंत गाडी गेली. मागून एक बाई मुलाला घेऊन येत होत्या आणि काका त्यांच्या वाटेत होते. आपल्याकडे अशा वेळी काय करतात? आपण सरकतो आणि माणसाला आपल्याकडे घेतो. मी ट्रॉली हातभर सरकवली आणि काकांना माझ्या बाजूला आत घेतलं.

त्याच क्षणी कॅप्टन बाथरूममधून निघाले आणि दार उघडलं. काका उघड्या कॉकपिटपासून दोन पावलांवर. मॅडम त्या गुडघ्यांवर कधी उठल्या मला कळलं नाही, पण काका आणि दार यांच्या मधोमध त्या उभ्या होत्या, हसऱ्या चेहऱ्याने. काकांनी त्यांच्या खांद्यावरून वाकून आत पाहिलं, "बापरे, केवढी बटणं," म्हणाले, आणि दार लागलं. काहीही झालं नाही. काका जागेवर जाऊन बसले आणि उतरताना मला डोंबिवलीला घरी यायचं आमंत्रणही देऊन गेले. मॅडमनी वहीत माझ्या नावापुढे नापास असं लिहिलं.

तीन आठवड्यांनी फेरपरीक्षा, दुसऱ्या परीक्षकाकडे. त्यात नापास झालो तर नोकरी गेली. म्हणून मी कळव्याला त्या उघड्या दारात उभा होतो.

मॅडम भाकऱ्या करत होत्या. मी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून माझी बाजू मांडली. विमानातले ते काका साधेभोळे होते, वयस्कर होते, काही झालं नाही, आणि तुम्ही होतात ना तिथे. मॅडमनी तव्यावरची भाकरी उलटली.

"साधे होते ते. पण तुला हे कधी कळलं?"

"बघूनच कळलं, मॅडम."

"बघून कळत असतं तर दार कशाला बसवलं असतं?"

मग मी खरं ते बोललो. म्हणालो, मला वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. तोंडातून निघतच नाही, उर्मटपणा वाटतो. शिकवणीच तशी आहे घरची. मॅडम एवढंच म्हणाल्या की रिपोर्ट बदलणार नाही, जेवून जा, आणि रविवारी ये. मी जेवलो. राग इतका आला होता की मुद्दाम कमी जेवायचं ठरवलं होतं, पण सुकटीची चटणी होती.

पुढचे तीन रविवार मी आयुष्यात विसरणार नाही. आपल्या सुट्टीच्या दिवशी त्या बाईने वन बीएचकेचं विमान केलं. हॉलमधून आत जाणारा तीन फुटी बोळ म्हणजे केबिनची वाट. बोळाच्या टोकाला एका अंगाला बाथरूम, दुसऱ्या अंगाला बेडरूम. बेडरूम म्हणजे कॉकपिट. कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड म्हणजे ट्रॉली. वाघमारे काका कॅप्टन. त्यांनी बेडरूममधून निघून खरोखर बाथरूममध्ये जायचं आणि आतून सांगेपर्यंत बाहेर यायचं नाही. पहिल्या रविवारी आम्ही वादात इतके रंगलो की काकांना विसरलो. अर्ध्या तासाने आतून क्षीण आवाज आला, की विमान उतरलं असेल तर मी बाहेर येऊ का.

प्रवासी म्हणून सगळा मजला होता. दार उघडंच असायचं, त्यामुळे प्रवाशांना बोलवावं लागायचं नाही. कुणी रडून दाखवायचं, कुणी अंगावर यायचं, कुणी आपण मोठे साहेब असल्याचं सांगायचं. सगळ्यांत कठीण होत्या समोरच्या म्हात्रे आजी. मूळच्या तिथल्याच गावच्या, ऐंशीच्या घरातल्या, नऊवारी आणि कमरेत चाव्यांचा जुडगा. त्या पहिल्या फेरीत हातात झाकलेली ताटली घेऊन आल्या. म्हणाल्या, "पोरा, कापतानला देस. गरम हाय." मी ताटली घेतली. दोन्ही हातांनी घेतली, कारण खरंच गरम होती. आजी माझ्या काखेखालून वाकून स्टँड ओलांडून बेडरूममध्ये जाऊन पलंगावर बसल्या. सगळा मजला हसत होता. मॅडम म्हणाल्या, "गेलं विमान." मग ताटलीतल्या तांदळाच्या भाकऱ्या आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ल्या.

दुसऱ्या रविवारी मी कुणालाच सोडलं नाही. फारच कडक झालो. आजींना म्हणालो, थांबा, पुढे यायचं नाही. खाकी कपडे घातल्यासारखा आवाज काढला होता. मला वाटलं, आता मॅडम खूश होतील. त्यांनी सगळ्यांना चहाला बसवलं आणि मला गॅलरीत नेलं.

"माझी आई ठाण्यात, नौपाड्यात चार घरी भांडी घासायची," त्या म्हणाल्या. "सुट्टी मागायला गेली की मला बरोबर न्यायची. आम्हाला घरात घ्यायचे नाहीत. 'थांब' म्हणायचे आणि दार लोटून घ्यायचे. किती वेळ, कशासाठी, काही नाही. एकदा आम्ही तासभर जिन्यात उभ्या होतो. थांबवल्याचा राग नव्हता रे. आम्हाला काही सांगावं असं कुणाला वाटलंच नाही, त्याचा राग होता. तू आत्ता म्हातारीशी तसा बोललास."

मी मान खाली घातली. त्यांनी ती वर करायला लावली आणि मग 'नाही' कसं म्हणायचं ते शिकवलं. आधी कारण सांगायचं. मग किती वेळ ते सांगायचं, कारण वेळ कळला की माणूस थांबतो. मग तोवर तो काय करू शकतो ते सांगायचं. आणि हे सगळं त्याच्या डोळ्यांत बघून, हात मोकळे ठेवून. नमनाला 'सॉरी' लावायचं नाही. तू सॉरी म्हणालास की त्याला वाटतं तुझंच चुकतंय, आणि तो पुढे येतो. हे मी त्या बोळात इतक्या वेळा केलं, की तिसऱ्या रविवारी म्हात्रे आजी ताटली घेऊन आल्या आणि माझं ऐकून स्वतःहून मागे फिरल्या. जाताना मॅडमना म्हणाल्या, "आता पोरगा नाय बोलला त बरा वाटतंय ऐकाला."

फेरपरीक्षेत पास झालो. नोकरी टिकली, लग्न झालं, मुलगी झाली. यातलं जे काही आहे ते त्या तीन रविवारांवर उभं आहे, आणि हे मी मॅडमना कधी तोंडावर सांगितलं नाही. दिवाळीला फराळ घेऊन जायचो, तेवढंच.

त्या शिक्षणाची खरी गरज मला एकदाच पडली. दक्षिणेकडून परत येणारं विमान होतं. कॅप्टन बाथरूममध्ये, मी ट्रॉलीमागे. मधल्या कुठल्या तरी रांगेतून एक तरुण ओरडत धावत आला, दरवाजा खोलो, दरवाजा खोलो. डोळे फिरलेले. ट्रॉलीवर जोरात आदळला. ट्रॉली हलली नाही. कॅप्टनना आतच थांबा, बाहेर येऊ नका असं ओरडून सांगितलं आणि त्याच्या डोळ्यांत बघून मी बोलत राहिलो, कारण, वेळ, काय करता येईल ते. दुसऱ्यांदा सांगताना तो खाली बसला आणि रडायला लागला. वडील गेल्याचा निरोप आल्यावर तसाच निघालेला पोरगा होता, आयुष्यातलं पहिलं विमान, आणि बंद जागेत त्याचा श्वास कोंडला होता. त्याला बाहेर पडायचं होतं, एवढंच. मागचे तीन-चार जण त्याला धरून मारायला निघाले होते, त्यांनाही मीच अडवलं.

मुंबईला उतरल्यावर मी बायकोच्या आधी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले. पहिला, ट्रॉलीचा ब्रेक लावला होतास? हो म्हणालो. दुसरा, त्याला पाणी दिलंस? हो म्हणालो. मग म्हणाल्या, बरं, जेव आता.

मॅडम निवृत्त झाल्या. नंतर त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं, इस्पितळात राहून आल्या. मी भेटायला गेलो तेव्हा पलंगावरून म्हणाल्या की इतकी वर्षं विमानात काढली, पण प्रवासी म्हणून, खिडकीशी बसून, नवऱ्याबरोबर कधी गेले नाही. बरी झाले की बोधगयेला जाणार आहे. कळव्याच्या विहारातल्या पंधरा-वीस बायका जाणार होत्या, त्यांच्याबरोबर. मी त्यांची तारीख काढून घेतली आणि एका सहकाऱ्याच्या पाया पडून त्या विमानावर माझी ड्यूटी बदलून घेतली. हे कुणाला बोललो नाही.

सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत आल्या. शुभ्र, एकसारख्या. त्यांच्यात मॅडम, काकांचा हात धरून, जरा सुकलेल्या. दारात मला बघून थबकल्या आणि मग म्हणाल्या, "ड्यूटी बदलून घेतलीस ना? चोर कुठला." दुसऱ्या रांगेत बसल्या. मी त्यांना चहा दिला, काकांना दोनदा दिला. सगळ्या बायकांना त्या माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या, आणि त्या माना डोलवत होत्या. मला फार बरं वाटत होतं.

गया तासाभरावर असताना कॅप्टन बाहेर आले. माझी सहकारी आत गेली. मी ट्रॉली लावली, ब्रेक लावला, दाराकडे पाठ केली. आणि दुसऱ्या रांगेतून मॅडम उठल्या.

मला मनातल्या मनात हसू आलं. म्हटलं, आली परीक्षा. त्या सीटच्या पाठी धरत ट्रॉलीपर्यंत आल्या.

"परब, जरा जाऊ दे मला."

"मॅडम, कॅप्टन बाहेर आहेत," मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो. "तीन मिनिटं लागतील. तुम्ही बसा, मी स्वतः न्यायला येतो. घाई असेल तर मागचं बाथरूम रिकामं आहे."

"खरंच लागलीय रे."

म्हात्रे आजींपेक्षा छान करताहेत, असं मला वाटलं. मी तेच पुन्हा सांगितलं, तितक्याच मऊ आवाजात. मॅडमनी मागे वळून पाहिलं. मागचं बाथरूम म्हणजे तीस रांगा. त्या गेल्या नाहीत, बसल्या नाहीत, आणि मला पुन्हा विचारलंही नाही. सीटची पाठ धरून तिथेच उभ्या राहिल्या. मी तीन मिनिटं म्हणालो होतो, कॅप्टनना सात लागली.

दार लागलं. मी ट्रॉली बाजूला केली आणि वाकून, नाटकी हात करून विचारलं, "पास का, मॅडम?" त्या माझ्या बाजूने बाथरूमकडे गेल्या, आणि मला त्यांची साडी मागून दिसली. पांढरी साडी खालपर्यंत ओली झाली होती. हृदयाच्या औषधांबरोबर पाण्याच्या गोळ्या सुरू होत्या, सारखं जावं लागायचं, थांबवत नसे. हे काकांनी मला नंतर सांगितलं. मला ते ठाऊक नव्हतं.

मी बाथरूमच्या बंद दारापाशी उभा राहिलो. आतून त्यांचा आवाज आला, नेहमीचाच, की वरच्या बॅगेत दुसरी साडी आहे, तुझ्या काकांना काढून द्यायला सांग, आणि कुणाला कळू देऊ नकोस. मी साडी आणून दिली. त्या उभ्या होत्या तिथलं पुसून घेतलं, त्यांच्या सीटवर कोरडी चादर घातली. त्या बाहेर आल्या तेव्हा गॅलीचा पडदा ओढून घेतला. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"तुला वाटलं मी परीक्षा घेतेय," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"आणि कळलं असतं, की खरंच आहे? मग काय केलं असतंस?"

खोटं बोलायचं नव्हतं. म्हणालो, "माहीत नाही, मॅडम."

त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. हात थंड होता, आत्ताच धुतलेला. "मला पण माहीत नाही रे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं शिकवलं, पण माझ्यावर असं माणूस अडवायची वेळ आली नाही. तुझ्यावर आली, ती माझ्यामुळे." मग म्हणाल्या की तू मला वेळ सांगितलास, डोळ्यांत बघून सांगितलास, मला जराही अपमान वाटला नाही. आणि बाहेर लोकांना चहा द्यायचा राहिला असेल, तो बघ.

बोधगयेला मॅडम सगळ्या बायकांना रोज सांगत होत्या, म्हणे, की माझ्या विद्यार्थ्याने भर विमानात मला अडवलं. साडीचं सांगत नव्हत्या. हे मला काकांनी सांगितलं, दोन महिन्यांनी, मॅडम गेल्याचं कळवायला केलेल्या फोनवर. त्या फोनवर मी काकांना सॉरी म्हणालो आणि ते म्हणाले, अरे, ती तर खूश होती.

त्या दिवशी गयेला विमानाला शिडी लागली. मी दारात उभा राहून उतरणाऱ्या प्रत्येकाला धन्यवाद म्हणत होतो, रोज म्हणतो तसं. मॅडम आल्या तेव्हाही तेवढंच म्हणालो, कारण त्याहून मोठा शब्द माझ्याकडे नव्हता आणि मागे रांग खोळंबली होती. त्यांनी मान हलवली. शिडीचा कठडा धरून एकेक पायरी उतरल्या, खाली काका त्यांची वाट बघत उभे होते, ओली साडी प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन. मग सगळ्या बायका उन्हातून टर्मिनलकडे चालू लागल्या. सगळ्यांच्या साड्या पांढऱ्या, आणि मधे एकटीच हिरवी, फुलांची, घरात नेसायची. ती आत जाईपर्यंत मी बघत होतो.